नववा नियम

हेमलता मॅडमनी छडी टाकून दिली त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि ही गोष्ट त्या जो भेटेल त्याला सांगत. छडी टाकली म्हणजे खरोखरच टाकली. शाळेच्या स्वयंपाकघरात नेऊन चुलीत घातली, पोरांच्या देखत. त्या दिवशी त्यांनी सहावीच्या वर्गाला सांगितलं, "आजपासून या वर्गाचे नियम तुम्ही करायचे, शिक्षाही तुम्हीच ठरवायची. मी फक्त सही करेन."

मॅडम मूळच्या पाचोऱ्याच्या. बदली होऊन त्या चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या आंबेझिरी गावात आल्या, तेव्हा शाळेत मार हा रोजच्या हजेरीसारखा होता. बाई मनाने चांगल्या होत्या, यात शंका नाही. पण चांगल्या माणसाला आपण चांगले आहोत हे जरा जास्तच ठाऊक असलं की कुठेतरी नजर चुकते. मॅडमचं तसंच झालं.

पोरांनी नियम करायला तीन आठवडे घेतले. गावातली आणि वरच्या पाड्यावरची मिळून एकतीस पोरं. पटांगणातल्या निंबाखाली गोल करून बसायची, भांडायची, पुन्हा बसायची. गावातले मोठे लोक मारुतीच्या पारावर पंच म्हणून बसतात, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. पंचांतले चुडामण आबा तर दिपमालाचे सख्खे आजोबा. दिपमाला वर्गाची मॉनिटर. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून वहीत लिहायचं काम तिच्याकडे आलं. तिसऱ्या आठवड्यात तिने वही मॅडमपुढे ठेवली. नऊ नियम होते.

उशिरा येणाऱ्याने पाण्याचा ड्रम भरायचा. शिवी देणाऱ्याने वर्ग झाडायचा. असं करत करत आठवा नियम होता, 'सगळ्यांनी मिळून केलेलं काम एकाने बिघडवलं तर तीन दिवस अबोला.' मॅडमनी तो दोनदा वाचला. मार नाही, उठाबशा नाहीत, ओरडणं नाही. त्यांना तो फार आवडला.

आणि शेवटचा नववा. 'शिक्षा संपली की घराघरातून गूळ आणायचा. सगळ्यांनी शिक्षावाल्याच्या हातावर ठेवायचा, त्याने सगळ्यांच्या हातावर ठेवायचा.'

मॅडमना हसू आलं. शिक्षा कुठे आणि खाऊ कुठे? शिवाय बाहेरचं खाणं शाळेत आणायचं, उद्या कुणाचं पोट बिघडलं तर उत्तर कोण देणार? केंद्रप्रमुख वही चाळतील तेव्हा काय म्हणतील? त्यांनी लाल पेनाने नवव्या नियमावर पट्टी धरून सरळ रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'आवश्यकता नाही', आणि खाली सही केली. दिपमाला समोरच उभी होती. ती रेघेकडे बघत राहिली, पण बोलली नाही. वरून आलेल्या सहीपुढे बोलायचं नसतं, हेही तिने पारावरच पाहिलं होतं.

त्यांना गुळाचं काहीच ठाऊक नव्हतं असंही नाही. या गावात आल्या त्याच वर्षी दोन भावांचा बांधावरून चाललेला वाद पारावर मिटला. त्या वाटेने निघालेल्या मॅडमच्या हातावर चुडामण आबांनी गुळाचा खडा ठेवला होता. मॅडमनी तो कपाळाला लावून खाल्ला. त्यांना वाटलं, कसली तरी पूजा असेल.

वर्ग सुधारला. केंद्रप्रमुख येऊन गेले, वही बघून खूश झाले. दिवाळीनंतर जळगावला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथे या वर्गाबद्दल बोलायला मॅडमचं नाव गेलं. मॅडमनी भाषणाचा कागद तयार करायला घेतला.

आठवा नियम वर्षभर कुणाला लागलाच नव्हता. तो यंदा दसऱ्याच्या तोंडावर पहिल्यांदा लागला, सातवीत गेलेल्या रेशमाला.

रेशमा वरच्या पाड्यावरची, मंगा आणि भागाबाईची पोर. मुळातच कमी बोलणारी. शाळेमागे पोरांनी परसबाग केली होती. वांगी, मेथी, गवार. वांग्यांवर वर्गातल्या मयुरीचा फार जीव. ती सुट्टीच्या दिवशीही येऊन पाणी घालायची. त्या शुक्रवारी फाटक लावायची पाळी रेशमाची होती. तिला वर पाड्यावर जायचं होतं, अंधार पडायच्या आत, घाईत ती विसरली. शनिवारी सकाळी पोरं आली तर बकऱ्यांनी बाग साफ केलेली. मयुरी वाफ्यात बसून रडली. मग निंबाखाली गोल झाला, आठवा नियम वाचला गेला, आणि रेशमाने मान डोलावली. मॅडम खिडकीतून बघत होत्या. किती शहाण्यासारखं मिटवलं पोरांनी, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तो प्रसंग भाषणाच्या कागदावर लिहून ठेवला.

नंतर दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत शाळेचे सोळा दिवस भरले. त्या सोळा दिवसांत मॅडमना काय दिसलं? रेशमा ओळीच्या टोकाला बसते, हे दिसलं. त्यांना वाटलं, तिला खिडकी आवडत असेल. दुपारच्या जेवणाला ती ताट घेऊन पिंपळाच्या मुळाशी एकटी बसते, हेही दिसलं. आणि एक गोष्ट त्यांच्या कानावर आली, पण मनावर आली नाही. हजेरी घेताना रेशमाचा 'हजर' मोठा झाला होता. ती एकदा 'हजर' म्हणायची, थांबायची, आणि पुन्हा म्हणायची, "हजर, मॅडम."

एक दिवस मॅडम चिडून म्हणाल्या, "रेशमा, ऐकू येतं मला. एकदाच म्हणायचं."

त्यानंतर ती एकदाच म्हणू लागली.

दिवाळी संपली, शाळा भरली, आणि रेशमा आली नाही. पहिले दोन दिवस मॅडमनी वाट पाहिली. पाचव्या दिवशी, गुरुवारी, शाळा सुटल्यावर त्यांनी स्कुटी काढली आणि पाड्याकडे निघाल्या. वाट दगडांची, स्कुटी अर्ध्यात लावून पुढे चालत जावं लागलं. मंगाच्या झोपडीपुढे गाठोडी बांधलेली होती. एका गोणीत भांडी, एकात ज्वारी. कोंबड्या पाटीखाली झाकलेल्या. रेशमा दारात सुपात दाणे पाखडत होती. तिने मॅडमकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"परवा सकाय ट्रक येवाव शे," भागाबाई म्हणाली. पाड्याची बोली वेगळी, पण मॅडमशी ती गावातली अहिराणीच बोलली. "उसतोडीले जाई राहिनूत. सासू आठेच राही, तिना पाय चालतस नही."

म्हाताऱ्या सुंदरबाईने खाटेवरून हात जोडले.

"मग रेशमाला आजीजवळ ठेवा ना," मॅडम म्हणाल्या. "दरवर्षी ठेवता तसंच. हुशार पोर आहे. एकदा गेली की चैत्रापर्यंत यायची नाही, आणि मग परत शाळेत बसणार नाही. तुम्हाला माहीत आहे, भागाबाई."

"मी कोठे लई जाई राहिनू तिले?" भागाबाईने गाठोड्याची गाठ आवळली. "तीच मांगे लागनी. म्हने, माय, माले लई चाल. शाळामा कोनीच बोलस नही मनासंगे. उसमा ते कोनी तरी बोली."

मॅडम म्हणाल्या, "कोणी बोलत नाही? अगं, ते तीन दिवस होते. कधीच संपले."

रेशमा सूप खाली ठेवून झोपडीत गेली. ती रागावलेली नव्हती, रडतही नव्हती. बाहेर आलीच नाही. मॅडम उतारावरून परत निघाल्या. खिडकी, पिंपळ, दोनदा म्हटलेला 'हजर', सगळं एकेक करून पुढे येत होतं, आणि प्रत्येक वेळी आपण तिथेच उभ्या होतो हे त्यांना आठवत होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलंच नाही. वर्गावर आल्या आणि उभ्यानेच विचारलं, "रेशमाचा अबोला तीन दिवसांचा होता. तुम्ही त्यानंतरही बोलला नाहीत तिच्याशी. का?"

आवाज चढला होता. त्यांना वाटत होतं, पोरं खाली बघतील, चुकलो म्हणतील. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर अपराध नव्हता, गोंधळ होता.

दिपमाला उठली. "मॅडम, शिक्षा सरनीच नही ना."

"म्हणजे काय?"

"गूळ कोठे वाटा?" ती म्हणाली. मग मॅडमना नीट समजावून सांगायला शाळेच्या मराठीत बोलू लागली. "गूळ वाटल्याशिवाय शिक्षा संपत नाही, मॅडम. पारावरपण नाही संपत. ज्याचा गूळ वाटला नाही, त्याच्याशी बोलायचं नसतं. आणि आपल्या वहीत गूळ नाही."

तिने कपाटातून वही आणली, शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवलं. पट्टी धरून मारलेली सरळ लाल रेघ. 'आवश्यकता नाही.' खाली हेमलताबाईंचीच सही.

"आमले वाटनं," मागच्या बाकावरून लखन म्हणाला, "तुमले कायमना अबोला पाहिजे."

मॅडम खुर्चीवर बसल्या. पोरांनी शिक्षेत जायची वाटही बांधली होती आणि परत यायचीही. यायची वाट त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली होती, पोट बिघडेल म्हणून, साहेब हसतील म्हणून. एकतीस पोरांतल्या एकालाही त्यांनी विचारलं नव्हतं, हा गूळ कशासाठी. आणि वर तो प्रसंग भाषणाच्या कागदावर लिहूनही ठेवला होता! त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि ती लपवावी असंही वाटेना.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "ही रेघ मी मारायला नको होती. तुम्हाला विचारायला हवं होतं."

मग मयुरी उठली. जिची वांगी बकऱ्यांनी खाल्ली होती, ती.

"मॅडम, वही बी बठ्ठासनी मियीसन करेल व्हती."

वहीही सगळ्यांनी मिळूनच केलेली; आपण काय बोलून गेलो हे तिला बोलल्यावर कळलं, आणि ती मटकन खाली बसली. दिपमालाने वही मिटायला हात पुढे केला. मॅडमनी तो थांबवला.

"आठवा वाच, दिपमाला."

"मॅडम, राहू द्या ना."

"वाच."

दिपमालाने वाचला. सगळ्यांनी मिळून केलेलं काम एकाने बिघडवलं तर तीन दिवस अबोला. मॅडमनी मान डोलावली. सहा आठवड्यांपूर्वी निंबाखाली रेशमाने डोलावली होती, तशीच.

"शुक्रवार, शनिवार, सोमवार," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी नियम वेगळा करायचा नाही. आणि रेशमाचा गूळ? तो आजच्या आज गोळा करायचा. उद्या सकाळी ट्रक येतोय."

याचं उत्तर कुणी दिलं नाही. अबोला सुरू झाला होता.

तो एक दिवस मॅडमना कसा गेला, ते त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. गणिताच्या तासाला त्यांनी विचारलं, बाकी किती उरली? मयुरी उठली, फळ्यावर आकडा लिहिला आणि जागेवर गेली. हजेरीला पोरांनी नुसते हात वर केले. पोरांना त्यांचा राग नव्हता, उलट चोरून बघत होती, काळजीने. पण तोंड एकाचंही उघडत नव्हतं. मधल्या सुट्टीत मैदानावर नेहमीचा गलका होता आणि त्या व्हरांड्यात आल्या की तेवढ्या बाजूचा गलका थांबायचा. स्वयंपाकीण मावशी त्यांच्याशी डाळीबद्दल चांगलं पाच मिनिटं बोलली, तरी त्यांचं लक्ष पोरांकडेच. चार वाजेपर्यंत त्या थकून गेल्या. घरी जायला त्यांना स्कुटी होती, मोबाईल होता, पाचोऱ्याला बोलायला बहीण होती. आणि बारा वर्षांच्या त्या पोरीने हे सोळा दिवस काढले होते, दिवसाला एका शब्दावर. तोही त्यांनी दोनदाचा एकदा करायला लावला होता.

शनिवारी सकाळची शाळा. पोरं लवकर जमली, आणि शाळेत न जाता थेट पाड्याच्या वाटेला लागली. पुढे दिपमाला, हातात पितळी डबा, काखेत नियमांची वही. तीस घरांतला तीस तऱ्हेचा गूळ, काळा, पिवळा, चिकट, कुठे भेलीचा तुकडा, कुठे नुसता चुरा. चुडामण आबांनी आपल्या हाताने फोडून दिलेला खडा सगळ्यांत वर. मॅडम मागे, वीस पावलं सोडून.

पाड्याच्या उताराखाली ट्रक उभा होता. गाठोडी चढली होती, कोंबड्यांची पाटी चढली होती, चार-पाच घरची माणसं चढली होती. रेशमा गाठोड्यांवर बसली होती. डोक्याला रुमाल, मांडीवर धाकटा भाऊ. मंगा टपावर दोर आवळत होता. ड्रायव्हरने घाईचा हॉर्न दिला.

"रेशमा!" दिपमालाने हाक मारली. धापा टाकत होती. "खाले ये. तुनी शिक्षा सरनी."

आपलं नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकून रेशमा दचकलीच. भावाला आईकडे देऊन ती चाकावर पाय ठेवत उतरली. पोरांनी एकेक करून तिच्या हातावर गूळ ठेवला. मयुरीने ठेवला तेव्हा नव्याने लावलेली वांगी फुलल्याची खबर दिली, "वांगा परत लायात. फूल वनात त्यासले." मग सगळेच एकदम बोलायला लागले. कोण काय बोलतंय कळेना. सहा आठवड्यांचं साठलेलं होतं. रेशमाने ओढणीच्या पदरात गूळ धरला आणि उलट एकेकाच्या हातावर ठेवत गेली. तीसही झाले. तिच्या हातात एक खडा उरला. तिने मान वर केली. मॅडम वाटेच्या कडेला, महूच्या झाडाखाली एकट्या उभ्या होत्या.

"मॅडमले?" तिने विचारलं.

"त्यासना अबोला शे," लखन म्हणाला. "सोमवारलगून."

"काब्र?"

दिपमालाने सांगितलं. रेघेपासून कालच्या दिवसापर्यंत सगळं. रेशमा ऐकत होती आणि तिची नजर मॅडमवरून हलत नव्हती. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. रेशमा चालत महूच्या झाडाखाली गेली. मॅडमना तिला खूप काही सांगायचं होतं, रात्रभर त्यांनी शब्द जुळवले होते.

रेशमाने त्यांच्या हातावर गूळ ठेवला. मग सरळ उभी राहिली, हजेरीला राहते तशी.

"हजर, मॅडम."

"ए! ती बोलनी!" लखन ओरडला. "नियम मोडा! आते तिले बी..."

बोलता बोलता तो थांबला. पुढचं त्याला स्वतःलाच नको होतं. सगळी पोरं दिपमालाकडे बघायला लागली, आणि दिपमाला छातीशी वही धरून जमिनीकडे.

रेशमा वळली. "लावा मंग माले तीन दिन," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ट्रकपर्यंत गेला. "आम्ही दोन्हीजनी बसूत. मी येसू सोमवारले."

मॅडमनी मूठ मिटली. गूळ हातात वितळत होता आणि डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं होतं.

"आणखी एकदा म्हण," त्या म्हणाल्या.

"हजर, मॅडम."

ट्रकचं इंजिन सुरू झालं. मंगाने टपावरून बायकोकडे पाहिलं. भागाबाईने बाजूची गाठोडी सरकवली, त्यांतलं रेशमाचं लहान गाठोडं ओढून काढलं आणि खाली उभ्या असलेल्या लखनच्या हातात दिलं.